गेम खेळून डोकं का दुखतं, आणि नेमकं कारण कसं शोधायचं

तीन तासांचा सिनेमा पाहून सहसा डोकं दुखत नाही, पण तेवढाच वेळ गेम खेळलं की कपाळ ठणकायला लागतं, असा अनुभव पुष्कळांचा असतो. स्क्रीन तीच, खोली तीच, खुर्चीही तीच. फरक बसण्या-बघण्याच्या पद्धतीत असतो. सिनेमा बघताना नजर इकडेतिकडे जाते, आपण पाय पसरतो, कूस बदलतो, शेजारच्याशी दोन शब्द बोलतो. अटीतटीच्या मॅचमध्ये यातलं काहीच होत नाही. नजर एकाच अंतरावर खिळलेली, खांदे कानांकडे चढलेले, दात आवळलेले. तहान, भूक आणि मानेला लागलेली रग गेम संपेपर्यंत जाणवतही नाही, आणि मग सगळी थकबाकी एकदम वसूल होते.

म्हणून ‘कमी वेळ खेळ’ हा सल्ला चुकीचा नसला तरी अपुरा आहे. वेळ कमी केला की दुखणंही कमी होईल, पण कशामुळे दुखत होतं ते कळणार नाही. ते कळलं, तर बऱ्याच वेळा खुर्ची, दिवा किंवा गेममधली एखादी सेटिंग बदलून काम भागतं. डोकं कुठे दुखतं आणि कधी दुखायला लागतं, या दोन गोष्टींवरून कारणाचा माग काढता येतो. पुढची सगळी पद्धत त्यावरच उभी आहे.

त्याआधी शरीराची एक गंमत माहीत असायला हवी. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही. ती जाणवते मेंदूभोवतीच्या आवरणांना, तिथल्या रक्तवाहिन्यांना आणि डोक्याच्या व मानेच्या स्नायूंना. मानेच्या वरच्या भागातून निघणाऱ्या नसा आणि कपाळ-चेहऱ्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस यांचे निरोप मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी पोहोचतात. त्यामुळे मूळ दुखणं मानेत असलं तरी कळ भुवईच्या वर येऊ शकते. दुखरी जागा हा सुगावा आहे, निकाल नव्हे.

पायरी 1: दुखण्याची ओळख पटवा

पुढच्या वेळी डोकं दुखेल तेव्हा लगेच गोळी शोधू नका. आधी तीन गोष्टी टिपून ठेवा: कुठे दुखतंय, खेळायला बसल्यावर किती वेळाने सुरू झालं, आणि सोबत आणखी काय होतंय.

भुवयांच्या वर किंवा डोळ्यांच्या मागे जडपणा, डोळ्यांत चुरचुर आणि स्क्रीनवरून नजर उचलली की दूरचं क्षणभर धूसर दिसणं, हे डोळ्यांकडे बोट दाखवतं. दुखणं कवटीच्या तळापासून सुरू होऊन वर चढत असेल, बहुधा एकाच बाजूला असेल आणि मान वळवली की वाढत असेल, तर मान तपासा. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं दोन्ही कानशिलांवर दडपण येत असेल, तर ती ताणाची डोकेदुखी असण्याची शक्यता मोठी. तिच्यात जबड्याचाही वाटा असू शकतो. खेळायला बसून जेमतेम पंधरा-वीस मिनिटं झाली नाहीत तोच मळमळ, घाम आणि भोवळ सुरू झाली, तर दोष स्क्रीनवरच्या हालचालीचा.

अर्धशिशी यांपासून वेगळी ओळखावी लागते. तिच्यात बहुधा अर्धं डोकं ठणकतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, मळमळतं, आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीनेही ठणका वाढतो. उपचार न केल्यास ती 4 ते 72 तास टिकते. काहींना दुखायच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी, चमचमत्या रेषा दिसतात. अर्धशिशीची प्रवृत्ती असेल तर गेम हे मूळ कारण नसतं. पण झगझगीत प्रकाश, अपुरी झोप आणि चुकलेलं जेवण या तिला जागं करणाऱ्या तिन्ही गोष्टी एका रात्रीच्या खेळात सहज जमून येतात.

प्रत्यक्षात कारणं एकमेकांत मिसळलेली असतात. म्हणून आठ-दहा वेळा खेळून होईपर्यंत छोटी नोंद ठेवा: किती वाजता बसलो, कोणता गेम, कोणत्या स्क्रीनवर, आदल्या रात्री झोप किती, शेवटचं खाणं-पिणं कधी, दुखणं कुठे आणि केव्हा. फोनमधल्या नोंदवहीत दोन ओळी पुरतात. मग बदल करायला घ्या, पण एका वेळी एकच, आणि दोन-तीन दिवस तो जपून पाहा. नवी खुर्ची, नवा चष्मा आणि नवी सेटिंग एकाच दिवशी आणली, तर दुखणं थांबेल कदाचित, पण कशाने थांबलं ते समजणार नाही.

पायरी 2: डोळे

जवळचं पाहताना डोळ्याच्या भिंगाभोवतीचा सिलियरी स्नायू आकसतो आणि दोन्ही डोळे आतल्या बाजूला थोडे वळतात. हे दोन्ही प्रयत्न तासन्‌तास न थांबता चालू राहिले की थकवा येतो आणि तो कपाळात जाणवतो. भरीला पापण्या. एरवी आपण मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापण्या लववतो; स्क्रीनवर लक्ष एकवटलं की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. जी पापणी लवते तीही अनेकदा अर्धवटच. अश्रूंचा पातळ थर सुकतो, चित्र किंचित धूसर होतं आणि ते स्पष्ट करायला आपण डोळे बारीक करतो. डोळे बारीक करणारे स्नायूही मग थकणाऱ्यांच्या यादीत येतात.

मॉनिटर डोळ्यांपासून 50 ते 75 सेंटिमीटर, म्हणजे साधारण हातभर अंतरावर ठेवा. त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली असावी. नजर किंचित खाली असली की पापण्या थोड्या झाकलेल्या राहतात आणि डोळे कमी सुकतात. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या, म्हणजे साधारण 6 मीटरवरच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहण्याचा नियम तुम्ही ऐकलाच असेल. मॅच चालू असताना तो कोणी पाळत नाही, हेही खरं. त्याला पर्याय पुढे दिला आहे.

चष्म्याचा नंबर हा भाग लोक फार लवकर निकालात काढतात. ‘मला लांबचं स्पष्ट दिसतं, म्हणजे डोळे ठीक’ एवढ्यावर समाधान मानू नका. तरुण वयात थोडा प्लस नंबर असला तरी डोळा जोर लावून तो झाकतो. भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळही वाचता येते आणि तरी तीन तास जवळचं पाहिल्यावर कपाळ भरून येतं. किरकोळ तिरप्या नंबरचंही तसंच. दोन्ही डोळे आत वळवण्याची क्षमता कमी असेल तर त्रास आणखी वाढतो. त्याची ढोबळ चाचणी घरी करता येते: पेन्सिलीचं टोक हळूहळू नाकाकडे आणा. नाकापासून 10 सेंटिमीटरवर येण्याआधीच एकाची दोन टोकं दिसू लागली, तर नेत्रतज्ज्ञांना आवर्जून सांगा.

चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांसाठी एक खास सूचना. त्याचा जवळचं दाखवणारा भाग खाली असतो, त्यामुळे मॉनिटर स्पष्ट दिसावा म्हणून हनुवटी नकळत वर जाते आणि मान मागे मोडते. डोकं दुखतं मानेमुळे, पण मान दुखते चष्म्यामुळे. स्क्रीनच्या अंतराचा वेगळा एकाच नंबराचा चष्मा करून घेतला की हा तिढा सुटतो.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवर मात्र घाईने पैसे घालवू नका. यावरचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात, साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचं दिसलं नाही. डोळे सुकत असतील तर पंखा किंवा एसीचा झोत चेहऱ्यावरून हटवणं जास्त उपयोगाचं.

पायरी 3: खोलीतला उजेड

काळोख्या खोलीत भगभगीत स्क्रीन, हे वातावरण गेमला शोभतं पण डोळ्यांना मानवत नाही. बाहुली अंधाराच्या हिशेबाने मोठी होऊ पाहते आणि प्रत्येक स्फोटाला, प्रत्येक पांढऱ्या मेनूला तिला झटकन आकसावं लागतं. मॉनिटरच्या मागच्या भिंतीवर मंद उजेड पडेल असा छोटा दिवा ठेवा. स्क्रीन आणि परिसर यांतला फरक लगेच मवाळ होतो. ब्राइटनेस ठरवायला स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि शेजारी खरा कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी उजळ वाटली तर ब्राइटनेस कमी करा, मळकट वाटली तर वाढवा. खिडकी पाठीमागे किंवा थेट समोर नको, बाजूला असावी.

क्वचित एक छुपं कारण निघतं. अनेक स्क्रीन ब्राइटनेस कमी करण्यासाठी प्रकाश सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. हे लुकलुकणं डोळ्यांना दिसत नाही, पण काही संवेदनशील लोकांचं डोकं त्याने दुखतं. विशिष्ट एकाच स्क्रीनवर आणि ब्राइटनेस कमी असतानाच त्रास होत असेल तर संशय घ्यायला जागा आहे. अशा वेळी मॉनिटरचा ब्राइटनेस वाढवून गेममधला किंवा सिस्टिममधला कमी करून पाहा. काही फोनमध्ये डीसी डिमिंग नावाचा पर्याय असतो, तोही याचसाठी.

पायरी 4: मान, खांदे आणि जबडा

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कारण हेच. मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोंचं असतं. ते खांद्यांच्या सरळ वर असलं तर मणके भार पेलतात. ते पुढे झुकलं की काम मानेच्या मागच्या स्नायूंवर पडतं. भरलेली बादली शरीरालगत धरून उभं राहणं आणि तीच बादली हात लांब करून धरणं, इतका हा फरक आहे. मॅच रंगली की आपण स्क्रीनकडे सरकतो, आणि ते कुणी व्हिडिओ काढून दाखवेपर्यंत पटत नाही. म्हणून खरंच फोन बाजूला ठेवून स्वतःचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ काढा. कान खांद्यांच्या रेषेत आहेत की चार बोटं पुढे, ते लगेच दिसेल.

पाठीला टेकण, तळपाय जमिनीवर, कोपर जवळपास काटकोनात आणि हाताला आधार, इतकं जमलं तरी पुष्कळ झालं. महागडी गेमिंग खुर्ची लागतेच असं नाही. खुर्चीचे हात टेबलाखाली जात नाहीत म्हणून पुढे सरकून बसणारे लोक महागड्या खुर्चीतही मान दुखवून घेतात. लॅपटॉपवर खेळत असाल तर तो उंच करून वेगळा कीबोर्ड आणि माउस जोडा. कन्सोलवाल्यांची अडचण निराळी असते: टीव्ही लांब, अक्षरं बारीक, त्यामुळे सोफ्याच्या काठावर पुढे वाकून बसायचं. गेमच्या सेटिंगमध्ये सबटायटल आणि मेनूचा आकार वाढवा. वाकण्याचं कारणच उरत नाही. फोनवर खेळणाऱ्यांनी कोपराखाली उशी घेऊन फोन चेहऱ्यासमोर आणावा.

दोन मॅचच्या मध्ये हे करा: पाठ टेकून बसा, नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढा. खाली झुकवायची नाही. पाच सेकंद धरा आणि सोडा, असं आठ-दहा वेळा. नंतर खांदे कानांपर्यंत उचलून एकदम सैल सोडा. मानेला झटका देऊन कडकड आवाज काढण्याची सवय मात्र सोडलेली बरी.

जबडा तपासायला बोटं कानशिलांवर ठेवा आणि दात आवळा. बोटांखाली जो स्नायू फुगतो तो चावण्याचा स्नायू आहे, आणि कानशिलातली कळ बरेचदा त्याचीच असते. गेममधल्या अवघड बॉसशी, म्हणजे मोठ्या शत्रूशी झुंजताना किंवा शेवटच्या मिनिटाला आपण दात किती वेळ आवळून धरतो याची कल्पना नसते. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे आणि जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला टेकलेलं, ही जबड्याची निवांत अवस्था. मॉनिटरच्या कडेला ‘दात’ एवढं लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. हसू येईल, पण उपयोग होतो.

पायरी 5: गेमची सेटिंग

प्रथमपुरुषी, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या कॅमेऱ्याच्या गेममध्ये डोळे सांगतात ‘आपण धावतोय, वळतोय’, आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं ‘आपण बसलोय’. हा विसंवाद वाढला की मळमळ, जडपणा आणि डोकेदुखी येते. बसमध्ये पुस्तक वाचताना ज्यांना मळमळतं, त्यांना हा त्रास होण्याची शक्यता जास्त.

सेटिंगमध्ये गेल्यावर पहिलं काम मोशन ब्लर (हलताना दृश्य पुसट होणं), कॅमेरा शेक (दृश्य थरथरणं) आणि हेड बॉब (चालताना दृश्य वरखाली होणं) बंद करणं. त्यानंतर फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका वेळी किती रुंद दृश्य दिसतं ते. टीव्ही लांबून पाहणाऱ्यांसाठी ठेवलेलं 60-70 अंशांचं दृश्य जवळच्या मॉनिटरवर दुर्बिणीतून पाहिल्यासारखं होतं. जवळ बसत असाल तर ते 90 ते 100 पर्यंत वाढवून पाहा. फार वाढवलं तर कडा ताणल्यासारख्या दिसतात. तिथे थांबून थोडं मागे या. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा, उंच असण्यापेक्षा स्थिर असणं महत्त्वाचं. 60 आणि 110 च्या मध्ये हेलकावे खाणाऱ्या गेमला 60 वर बांधून ठेवलं तर बघायला जास्त सुखद जातं. कॅमेऱ्याची गती थोडी कमी करा आणि स्क्रीनच्या मध्यभागी स्थिर ठिपका ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करा.

व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायच्या आभासी जगात, आणखी एक अडचण असते. वस्तू जवळ आली की दोन्ही डोळे आत वळतात, पण भिंगामुळे फोकस एकाच ठरावीक अंतरावर राहतो. एरवी हातात हात घालून चालणाऱ्या या दोन क्रियांची फारकत होते आणि डोळे शिणतात. हेडसेटमधलं भिंगांचं अंतर आपल्या बाहुल्यांमधल्या अंतराशी जुळवून घ्या. ते प्रौढांमध्ये बहुधा 54 ते 74 मिलिमीटर असतं आणि चष्म्याच्या दुकानात मोजून मिळतं. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटंच खेळा, सरकत चालण्याऐवजी टेलिपोर्टचा (थेट दुसऱ्या जागी पोहोचण्याचा) पर्याय निवडा आणि पहिली मळमळ जाणवताच हेडसेट काढा. नेटाने पुढे खेळत राहिल्याने सवय होत नाही, उलट पुढच्या वेळी मळमळ लवकर येते.

पायरी 6: कानांवरचा हेडसेट

बाहेरच्या दाबाने होणारी डोकेदुखी हा डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला अधिकृत प्रकार आहे: दाब असताना तासाभरात सुरू होते आणि दाब काढल्यावर तासाभरात थांबते. चाचणी त्यातच आली. एक संध्याकाळ हेडसेटऐवजी स्पीकरवर किंवा हलक्या इअरफोनवर खेळा. फरक पडला तर पट्टा सैल करा. चष्म्याच्या जाड काड्या गादीखाली दबत असतील तर पातळ काड्यांची फ्रेम घ्या. आवाजही एकदा कमी करून पाहा.

पायरी 7: पाणी, पोट, झोप आणि कॉफी

पाणी हाताशी ठेवा, रिकाम्या पोटी बसू नका. यावर जास्त सांगण्यासारखं नाही.

कॉफीबद्दल मात्र आहे. ‘आठवडाभर ठीक असतो, सुट्टीच्या दिवशी गेम खेळला की डोकं दुखतं’ असं म्हणणाऱ्यांनी आपलं कॅफिनचं वेळापत्रक मांडून पाहावं. रोज सकाळी कॉफी घेणारा माणूस रात्री उशिरापर्यंत जागतो, सुट्टीला दुपारी उठतो आणि कॉफी न घेता खेळायला बसतो. कॅफिन बंद झाल्याची डोकेदुखी शेवटच्या कपानंतर साधारण 12 ते 24 तासांत सुरू होते, म्हणजे नेमकी त्याच वेळी. आळ येतो गेमवर. उलट बाजूने, जागं राहायला एनर्जी ड्रिंक घेणाऱ्यांनी दिवसाचं एकूण कॅफिन मोजावं. निरोगी प्रौढांसाठी 400 मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण सर्वसाधारणपणे सुरक्षित मानतात, आणि मोठ्या कॅनमध्ये त्यातला चांगलाच हिस्सा असू शकतो. शिवाय त्यामुळे मोडलेली झोप दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीची सोय करून ठेवते.

पायरी 8: ब्रेक घड्याळाला नव्हे, गेमला बांधा

टायमर वाजतो तो नेमका मॅचच्या मध्यावर, आणि आपण तो बंद करतो. त्यापेक्षा ब्रेक गेममधल्या थांब्यांना जोडा. लोडिंग सुरू झालं की खिडकीबाहेर नजर. मेल्यावर पुन्हा उभं राहीपर्यंतच्या सेकंदांत दहा वेळा पूर्ण पापण्या मिटून उघडायच्या. पुढची मॅच सुरू होण्याची लॉबीत वाट पाहताना उभं राहायचं. सेव्ह पॉइंट आला किंवा दोन-तीन मॅच झाल्या की खोलीबाहेर पाच मिनिटं चालून यायचं. या पाच मिनिटांत फोन पाहिला तर डोळ्यांच्या आणि मानेच्या हिशेबी ब्रेक झालाच नाही.

दुखायला लागलंच तर

खेळ थांबवा, ‘एवढी एक मॅच’ न करता. उजेड मंद करा, पाणी प्या, काही खाल्लं नसेल तर खा. मान आखडली असेल तर शेक, डोकं ठणकत असेल तर कपाळावर थंड पट्टी बऱ्याच जणांना बरी वाटते. साधी वेदनाशामक गोळी कधीतरी, वेष्टणावरच्या प्रमाणात घ्यायला हरकत नाही. 16 वर्षांखालच्या मुलांना मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ॲस्पिरिन देऊ नये. गोळी घेऊन पुन्हा खेळायला बसण्याची सवय घातक. महिन्यात 15 किंवा अधिक दिवस साध्या गोळ्या, किंवा 10 किंवा अधिक दिवस मिश्र गोळ्या (एकाहून जास्त औषधं एकत्र असलेल्या) किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीवरची औषधं), असं तीन महिन्यांपलीकडे चालू राहिलं तर त्या गोळ्यांमुळेच रोज डोकं दुखायला लागतं.

काही लक्षणं दिसली तर नोंदवही बाजूला ठेवून तातडीने डॉक्टर गाठावेत: क्षणार्धात शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी नव्हती एवढी तीव्र डोकेदुखी, ताप आणि ताठरलेली मान, हातापायातली कमजोरी, बोलणं अडखळणं, एकाचे दोन दिसणं किंवा नजर जाणं, आकडी (फिट) येणं, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. पहाटे उलटीसह जाग आणणारी, आठवड्यागणिक वाढत जाणारी किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही लवकर दाखवून घ्यावी.

एरवी, सगळे बदल करूनही महिनाभरात फरक नसेल तर आधी नेत्रतज्ज्ञ, मग डॉक्टर. जाताना तुमची नोंदवही न्या, आणि तुम्ही बसता तिथून स्क्रीनपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून न्या. डोळे तपासताना ते अंतर सहसा कोणी विचारत नाही. तुम्ही सांगितलंत तर नंबर त्याच अंतरासाठी तपासता येतो.